विधवा देवीचं बेट

आज आम्ही तुम्हाला इजिप्तला नेणार आहोत. तिथे आस्वान गावाजवळ, नाईल नदीच्या पात्रात फिलाई नावाचं बेट होतं आणि त्यावर इसिस देवीचं देऊळ. (बातम्यांत ऐकलेलं ते नाव वेगळं, त्याचा या देवीशी काही संबंध नाही.)

इसिसचा नवरा ओसायरिस. त्याच्याच भावानं त्याला मारलं, देहाचे तुकडे करून फेकून दिले. इसिसनं बहिणीला सोबत घेऊन एकेक तुकडा शोधून आणला. मुलाला, होरसला, दलदलीत लपवून वाढवलं. म्हणजे ही विधवाच की! आपल्याकडे नवरा गेला की बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तिकडे राजे तिच्या पायाशी येत.

फिलाईसमोर बिगेह हे दुसरं बेट. ओसायरिसची समाधी तिथे, अशी श्रद्धा. तिथे साध्या माणसानं पाय ठेवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, वाद्यं वाजवायची नाहीत. समाधीभोवती ३६५ चौथरे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. त्यांवर दूध वाहायचं. दर दहा दिवसांनी इसिसची मूर्ती नावेतून तिकडे नेत. नाईलचा पूर ओसायरिसच्या देहातून येतो, असं लोक मानत. पुरानं गाळ यायचा, गाळावर गहू आणि जव पिकायचे. म्हणून या बाईच्या दुःखाला सगळ्या देशाच्या भाकरीचा मान होता, असं आम्हाला वाटतं.

रोमन बादशहा ख्रिस्ती झाले, जुनी देवळं बंद पडली. फिलाई मात्र चालू राहिलं, कारण दक्षिणेकडून नुबियन लोक देवीला येत. इजिप्तच्या चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख याच देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. सहाव्या शतकात बादशहा जस्टिनियननं देऊळ बंद केलं, पुढे तिथे चर्च झालं.

१९०२ मध्ये आस्वानला धरण झालं, तेव्हापासून देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात. पुढे आणखी मोठं धरण आलं. मग युनेस्कोच्या मदतीनं दगडांवर आकडे घालून देऊळ सोडवलं, शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारलं आणि १९८० मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याच मोठ्या धरणात नुबियन लोकांची गावं गेली. हजारो माणसांना घरदार सोडून कोम ओम्बोकडे जावं लागलं. धरणात गाव गेलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

बिगेह मात्र कोणी हलवलं नाही. नवऱ्याचं बेट जुन्या जागीच आहे.