उपहास फसतो कोठे?

हसू आले म्हणजे उपहास साधला, असे आम्ही मानत नाही. १९६६ साली बीबीसीच्या मालिकेत जॉनी स्पाइट यांनी ॲल्फ गार्नेट हा वर्णद्वेष्टा लंडनकर उभा केला, तो त्याचे हसे व्हावे म्हणून. १९७१ साली नॉर्मन लियर यांनी त्यावरूनच अमेरिकेत आर्ची बंकर घडविला. विडमार व रोकीच या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, मुळात पूर्वग्रह बाळगणाऱ्या प्रेक्षकांचा ओढा आर्चीशी वाद घालणाऱ्या जावयापेक्षा आर्चीकडेच अधिक होता. हसणाऱ्यांत दोन तट होते. हशा मात्र एकच ऐकू येई. म्हणून लेखकाने द्वेष्ट्याचे बोल ऐकवून थांबू नये. त्यांची झळ कोणास बसते, हेही दाखवावे. एरवी ज्याला आरसा दाखवायचा, तोच टाळ्या पिटून मोकळा होतो.