मुलांमधील टेदर्ड कॉर्ड: शस्त्रक्रिया, नंतरची काळजी आणि शासकीय योजनांचे लाभ

तुमच्या मुलाच्या एमआरआय अहवालात ‘टेदर्ड कॉर्ड’ असे लिहिले असेल आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. हा आजार काय आहे, शस्त्रक्रियेत काय करतात, घरी आल्यावर कोणती काळजी घ्यायची आणि कोणता खर्च कोणत्या योजनेतून भागतो, हे येथे क्रमाने दिले आहे. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

थोडक्यात

- या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू मुलाची सध्या असलेली ताकद आणि लघवीवरचे नियंत्रण टिकवणे हा आहे. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली असेल तर कागदपत्रांसाठी ती लांबवू नका. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करा.
- आयुष्मान भारत योजनेतून शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील उपचार रोकडरहित होऊ शकतात.
- घरी गेल्यानंतरचा दीर्घकाळचा खर्च या योजनेत येत नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. त्यांची तयारी आधीपासून करावी.

टेदर्ड कॉर्ड म्हणजे काय?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली येणारा नसांचा जाड दोर. पाय, लघवी आणि शौच यांचे नियंत्रण त्याच्या खालच्या भागातून होते. तो कण्यात मोकळा असतो. मूल वाढते तसा कणा लांब होतो आणि मज्जारज्जूचे टोक आत वर सरकते. जन्मानंतर काही महिन्यांतच ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ पोहोचते.

काही मुलांमध्ये हे टोक खाली अडकून राहते. शेवटचा धागा जाड किंवा चरबीयुक्त असणे, पाठीतील चरबीची गाठ मज्जारज्जूला चिकटणे, मज्जारज्जू दुभागलेला असणे, किंवा जन्मतः पाठीवर असलेल्या गाठीची (स्पायना बायफिडा) आधी शस्त्रक्रिया होऊन तेथे व्रण चिकटणे, ही त्याची कारणे असतात. मूल उंच होत जाते तसा मज्जारज्जू ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नसांचे काम बिघडते. म्हणूनच जन्मतः ठणठणीत वाटणाऱ्या मुलाला काही वर्षांनी त्रास सुरू होऊ शकतो.

कोणती लक्षणे पाहावीत?

- पाठीवर: कमरेच्या मधोमध केसांचा पुंजका, मऊ गाठ, लाल डाग, शेपटीसारखा कोंब, किंवा नितंबांच्या घडीच्या वर असलेली खोल खळी.
- पायांवर: एक पाय किंवा पाऊल लहान असणे, पाऊल वळणे, एकाच बाजूने चप्पल झिजणे, चालणारे मूल वारंवार पडू लागणे.
- लघवी व शौच: सुकी राहणारी चड्डी पुन्हा ओली होऊ लागणे, सतत थेंब थेंब गळणे, वारंवार लघवीचा संसर्ग, जुनी बद्धकोष्ठता.
- वेदना: कंबर किंवा पाय दुखणे, वाकल्यावर दुखणे वाढणे. पाठ एका बाजूला वाकणे.

मोठे मूल कपडे ओले करते म्हणून त्याला रागावण्याआधी त्याची पाठ आणि पाय एकदा नीट पाहा. पाठीवरच्या खळीतून पाणी किंवा पू येत असेल तर ती दाबू नका, त्यात काही घालू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. तेथून संसर्ग मज्जारज्जूपर्यंत जाऊ शकतो.

तपासणी कोठे करावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून देशभर सुरू आहे. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येते. मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांचा गट या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत आहे. पथकाची वाट पाहू नका. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. तेथून संदर्भ चिठ्ठी घ्या. ही चिठ्ठी पुढे मोठ्या रुग्णालयात उपयोगी पडते.

तान्ह्या बाळाची पहिली तपासणी पाठीच्या सोनोग्राफीने होऊ शकते. पक्के निदान एमआरआयने होते. लहान मुलाला एमआरआयसाठी झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते, त्यामुळे उपाशी ठेवण्याच्या सूचना नीट पाळा. याशिवाय मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी सांगितली जाते. ती टाळू नका. शस्त्रक्रियेनंतर फरक पडला की नाही हे तिच्याशी तुलना करूनच कळते.

शस्त्रक्रियेचा खर्च: आयुष्मान भारत (प्रधानमंत्री जन आरोग्य योजना)

ही योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही रक्कम संपूर्ण कुटुंबासाठी असते. कुटुंबातील सदस्यांच्या संख्येला किंवा वयाला मर्यादा नाही. आजार जन्मजात आहे किंवा आधीपासून आहे, या कारणाने लाभ नाकारला जात नाही.

*दाखल होण्यापूर्वी करायची कामे*

1. मुलाचे नाव शिधापत्रिकेत आणि आयुष्मान कार्डाच्या कुटुंब यादीत आहे का ते पाहा. नसेल तर आधी ते जोडून घ्या.
2. पाच वर्षांखालील मुलाचे निळे बाल आधार काढता येते, त्यासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत. मूल पाच वर्षांचे झाल्यावर ठसे अद्ययावत करावे लागतात. ते राहिले असेल तर ई-केवायसी अडू शकते.
3. रुग्णालय योजनेत आहे एवढेच विचारू नका. ‘न्यूरोसर्जरी या विभागासाठी तुम्ही योजनेत आहात का आणि लहान मुलांची ही शस्त्रक्रिया येथे होते का,’ असे विचारा. काही रुग्णालये योजनेत असतात, पण सर्व विभागांसाठी नसतात.
4. रुग्णालयातील आयुष्मान मित्राला भेटा. पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालयच पाठवते. एमआरआय अहवाल, त्याची सीडी किंवा फिल्म, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांना द्या. मूळ कागद परत घ्या.

*कोणता खर्च येतो आणि कोणता येत नाही*

दाखल होण्यापूर्वी 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतर 15 दिवस या काळातील संबंधित तपासण्या व औषधे पॅकेजमध्ये येतात. दोन महिन्यांपूर्वी खाजगी केंद्रात पैसे भरून केलेल्या एमआरआयची रक्कम परत मिळत नाही. म्हणून शक्य असेल तर एमआरआय सरकारी रुग्णालयात संदर्भ चिठ्ठीवर करून घ्या. मंजूर पॅकेजसाठी रुग्णालय वेगळे पैसे मागू शकत नाही. मागितल्यास पावती मागा आणि 14555 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

*तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल तर*

आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेतील रुग्णालयातही चालते. उदाहरणार्थ, शिधापत्रिका सोलापूरची आणि काम सुरतला असेल, तर उपचारासाठी सोलापूरला परत येणे बंधनकारक नाही. मात्र तुमचे कुटुंब फक्त राज्याच्या योजनेत असेल, तर तो लाभ बहुधा त्या राज्यापुरताच असतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तुमचे कार्ड केंद्राच्या यादीतले आहे की राज्याच्या, हे 14555 वर विचारून घ्या आणि मगच रुग्णालय ठरवा.

कार्ड नसेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. राष्ट्रीय आरोग्य निधी किंवा प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधीसाठी अर्ज करता येईल का, हे ते सांगतात. दोन्हीकडे डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

मुलाला पूर्ण भूल देऊन पालथे झोपवतात. कमरेच्या मधोमध छेद घेऊन मणक्याचा मागचा छोटा भाग उघडतात. मज्जारज्जूभोवतीचे आवरण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली अडकलेला भाग सोडवतात. पाय आणि शौचाच्या नसा काम करत आहेत का, हे अनेक केंद्रांत यंत्रावर सतत पाहिले जाते. शेवटी आवरण घट्ट शिवतात. फक्त जाड धागा कापायचा असेल तर शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. चरबीची गाठ नसांमध्ये मिसळलेली असेल तर बरेच तास लागू शकतात आणि धोकाही जास्त असतो.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझ्या मुलाचा प्रकार कोणता आहे? कोणती लक्षणे सुधारतील आणि कोणती तशीच राहतील? लघवीच्या नसांना धोका किती आहे? साधारणपणे वेदना सर्वांत चांगल्या कमी होतात. पायांची ताकद काही मुलांत सुधारते. लघवीवरचे नियंत्रण परत येण्याची खात्री सर्वांत कमी असते, विशेषतः त्रास जुना असेल तर.

स्पायना बायफिडा असलेल्या मुलांना रबराची (लॅटेक्सची) ॲलर्जी असू शकते. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोज्याने अंगावर गांधी उठत असतील, तर हे दाखल होतानाच सांगा.

रुग्णालयातील दिवस

आवरणातून पाण्यासारखा द्रव गळू नये म्हणून मुलाला साधारण एक ते तीन दिवस सपाट झोपवून ठेवतात. कुशीवर वळवता येते, पण बसवायचे नसते. नातेवाईक भेटायला आले म्हणून मुलाला उचलून घेऊ देऊ नका. लघवीची नळी काही दिवस असते. ती काढल्यावर मूल लघवी पूर्ण करते का, हे परिचारिका पाहतात. गुंतागुंत नसल्यास बहुतेक मुले आठवडाभरात घरी जातात.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि पुढची तारीख लिहून घ्या. 15 दिवसांची औषधे रुग्णालयातूनच मागून घ्या.

घरी आल्यावर

- जखम कोरडी ठेवा. लंगोट किंवा डायपर जखमेच्या खाली बांधा, शौच लागू देऊ नका. हळद, तेल किंवा कोणताही लेप लावू नका.
- डॉक्टर सांगेपर्यंत बाळाची तेलमालीश बंद ठेवा. टाके बरे होईपर्यंत मुलाला टबात किंवा बादलीत बसवू नका.
- सुमारे चार ते सहा आठवडे उड्या, सायकल, जड दप्तर आणि पाठ पिळणारे खेळ टाळा. हलके चालणे चालते.
- बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. कुंथल्याने जखमेवर ताण येतो.

ताबडतोब रुग्णालयात जा: जखमेतून पाण्यासारखा द्रव येणे, जखमेखाली फुगवटा येणे, ताप, बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, पायांत नवी कमजोरी, किंवा लघवी पूर्ण बंद होणे.

लघवीची काळजी: दुर्लक्ष होणारा भाग

पाठीची जखम भरली की अनेक कुटुंबे पुन्हा तपासणीला जात नाहीत. पण मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर लघवी मागे जाऊन मूत्रपिंड हळूहळू खराब होतात, आणि त्याचे दुखणे जाणवत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ नळीने ठरावीक वेळाने लघवी काढायला सांगितले असेल, तर ती पद्धत परिचारिकेकडून स्वतः करून शिका. साबणाने हात धुणे आणि वेळ पाळणे या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. दिवसा साधारण दर तीन ते चार तासांनी नळी वापरावी लागते. समजत्या वयाची मुले हे स्वतः करायला शिकतात.

वाढीच्या वयात मज्जारज्जू पुन्हा चिकटू शकतो. उंची झपाट्याने वाढत असताना जुने लक्षण परत आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

नंतरच्या खर्चासाठी योजना

- दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड: स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार अनेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. प्रत्येक मुलाला ते मिळतेच असे नाही. त्यामुळे पायांच्या आणि लघवीच्या तपासणीचे सर्व अहवाल सोबत न्या.
- एडिप योजना: कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर अशी साधने उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत किंवा सवलतीत मिळतात.
- जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र: फिजिओथेरपी मोफत मिळते.
- समग्र शिक्षा: शाळेत जाऊ न शकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी घरी शिक्षणाची सोय आहे. मूल शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन शौचालयाला जाण्याची मोकळीक आणि नळी वापरण्यासाठी आडोशाची जागा मागा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*मूल चालते-खेळते आहे. तरी शस्त्रक्रिया का?*
काही प्रकारांत त्रास सुरू होण्याआधी शस्त्रक्रिया सुचवतात, काहींत फक्त लक्ष ठेवतात. शंका असल्यास एमआरआय घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात दुसरे मत घ्या. मात्र लक्षणे वाढत असतील तर थांबू नका.

*पुढच्या बाळाला हा दोष होईल का?*
आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मजात दोष असेल तर धोका थोडा वाढतो. गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटा. अशा मातांना फॉलिक ॲसिडची नेहमीपेक्षा जास्त मात्रा दिली जाते आणि ती दिवस राहण्याआधीच सुरू करावी लागते.

*मंजुरी नाकारली तर?*
कारण लेखी मागा. बऱ्याचदा एखादा अहवाल जोडलेला नसतो किंवा नावात फरक असतो. दुरुस्ती करून रुग्णालय पुन्हा अर्ज पाठवू शकते. तरीही अडचण असल्यास 14555 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.