नाशिकचा खटला: दोनदा वाचलेली फाईल

'एक रुका हुआ फैसला' पाहिला नसेल तर संशोधनाचा आराखडा लिहायला बसण्याआधी पाहून घ्या. बासू चॅटर्जींचा १९८६ चा सिनेमा. एक खोली, बारा ज्यूरर आणि बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा. दोषी ठरला तर फाशी. अकरा जणांचं मत पक्कं झालेलं असतं, एकटा अडून बसतो. मूळ गोष्ट अमेरिकेतल्या रेजिनाल्ड रोझची, तिच्यावर सिडनी ल्युमेटने १९५७ मध्ये 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' केला होता.

खरं तर १९८६ मध्ये आपल्याकडे ज्यूरी उरलीच नव्हती. १९५९ मध्ये नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला, न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही. तेव्हा इतिहास म्हणून हा सिनेमा सोडून द्या. मला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. त्या खोलीत एकही नवा साक्षीदार येत नाही. शंकेला जागा देणारं जवळजवळ सगळं आधीच कोर्टात बोलून झालेलं असतं. फक्त कोणी ते नीट ऐकलेलं नसतं.

महाराष्ट्रात हे खरोखर घडलंय, आणि तिथे एका दुपारीत काम भागलं नाही. सोळा वर्षं गेली.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. घरातली आई आणि मुलगा जबर जखमी होऊन वाचले. पोलिसांनी पुढे सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातींमधले, मजुरी करून पोट भरणारे. (इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पहिला संशय कोणावर जातो ते काही त्याबरोबर रद्द झालं नाही.) जून २००६ मध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही फाशी परत आणली. सहाजण, सहा फाशी.

इथे संशोधन करणाऱ्याने थांबावं अशी एक जागा आहे: संदर्भ. फाशी देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही बघायची, हे १९८० च्या बचन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं होतं. १९९६ च्या रावजी खटल्यात मात्र छोट्या पीठाने गुन्ह्याचं स्वरूपच महत्त्वाचं मानलं, गुन्हेगार कोण हे नाही. रावजीला त्याच वर्षी फाशी झाली. आणि तो निकाल पुढच्या निकालांमध्ये उद्धृत होत राहिला, मागे घेतलेला शोधनिबंध वर्षानुवर्षं संदर्भसूचीत फिरत राहतो ना, तसा. २००९ च्या नाशिक निकालातही तो आहे. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ ला, बरियार खटल्यात (हाही महाराष्ट्रातलाच) सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या पीठाने रावजीचा निकाल बचन सिंगशी विसंगत आहे, तो आधार म्हणून चालणार नाही, असं स्पष्ट केलं.

२०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं की या चुकीच्या आधारावर तेरा जणांना फाशी सुनावली गेली आहे, ती कमी करावी. तेरांत नाशिकचे सहाजण होते. हे पत्र मोठ्या धाडसाचं आहे यात शंका नाही. तरी त्यातलं म्हणणं शिक्षा चुकली एवढंच होतं. गुन्हा यांनी केलाच का, हा प्रश्न त्या टप्प्यावर कोणी विचारत नव्हतं. फाशी अंमलात आली असती तर तो पुढेही कोणी विचारला नसता.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विलोकन अर्जावर खुल्या कोर्टात सुनावणी व्हायला हवी. त्या वाटेने हे प्रकरण पुन्हा आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली.

मग फाईल उघडली. वाचलेल्या आईला घटनेनंतर लगेचच पोलिसांनी नोंदीतल्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्यातल्या चार जणांना तिने ओळखलं होतं. या सहांपैकी त्यात कोणीही नव्हतं. त्या चौघांची चौकशी करून खटला भरणं तर सोडाच, ती ओळख बाजूलाच पडली आणि नंतरच्या ओळख परेडमध्ये ओळखलेले सहाजण आरोपी म्हणून पुढे गेले. अल्बमची गोष्ट कागदांत सुरुवातीपासून होती.

मी काशीदच्या पुळणीवर वाळूचे नमुने गोळा करते. पिशवीवर तारीख, वेळ, भरती की ओहोटी हे तिथेच उभं राहून लिहायचं, घरी जाऊन नाही. एक उधाण येऊन गेलं की खालची वाळू तीच राहत नाही. साक्षीदाराची आठवण मला तशीच वाटते. सर्वात आधी घेतलेला नमुना सर्वात मौल्यवान असतो. इथे तोच गाळला गेला, आणि उशिराचा नमुना हाच पुरावा मानून तीन न्यायालयांनी त्यावर निर्णय रचले. गाईड लोक आम्हाला 'आउटलायर' काढून टाकायचं कारण लेखी द्यायला लावतात. चार फोटो गाळण्याचं असं कुठलंही पटणारं कारण कोर्टाला सापडलं नाही.

५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मधल्या काळात निष्पन्न झालं होतं. अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करावी, असा आदेश निघाला. खरे गुन्हेगार सुटले, हेही कोर्टाने नोंदवलं. त्या आईने जे सांगितलं होतं ते वेळेवर तपासलं गेलं असतं तर तिलाही न्याय मिळण्याची शक्यता होती, हे यात विसरायला नको.

दोन्ही निकाल सार्वजनिक आहेत, 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने सापडतील. वाचणार असाल तर २०१९ चा आधी उघडू नका. २००९ चा घ्या, शेवटपर्यंत वाचा, आणि तो तुम्हाला पटतो का ते वहीत लिहून ठेवा. मग दुसरा.