फटफटी, लूना आणि बोळातली शांतता

मंडळी, आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. फटफटी. मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी तिला नाव दिलं ते तिच्या चाकांवरून नाही, वेगावरून नाही, कंपनीवरूनही नाही. आवाजावरून दिलं. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची, म्हणून फटफटी. आणि हे फक्त आपणच केलं असं नाही. हॉलंडमध्ये इंजिन लावलेल्या सायकलीला ‘ब्रोमफीट्स’ म्हणतात. ‘ब्रोमेन’ म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणणं. तिच्याहून हळू जाणारी एक धाकटी बहीण आहे, ती ‘स्नोरफीट्स’, म्हणजे घरघरणारी सायकल. दोन वेगळ्या देशांतल्या सामान्य माणसांना एकाच गोष्टीची दखल घ्यावीशी वाटली, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. छोट्या गाडीचा इतिहास लिहायचा तर तो कानांपासून सुरू करावा लागतो.

आता फट-फट आणि गुणगुण यांत फरक का, हे थोडं बघू. विषय यंत्राचा आहे, पण हिशोब सोपा आहे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला साधारण १००० फेरे घेतंय, म्हणजे मिनिटाला ५०० स्फोट, सेकंदाला आठ-नऊ. आपला कान हे ठोके सुटे ऐकू शकतो. म्हणून फट, फट, फट. मोपेडचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात प्रत्येक फेरीला स्फोट. मिनिटाला ५००० फेरे धरले तर सेकंदाला ८० च्या वर. इतक्या वेगाने आलेले ठोके कानाला सुटे राहत नाहीत, त्यांचा एक सूर होतो. तीच ती गुणगुण. जवळून गेली तर किरकिर म्हणा. आवाजाची पट्टी मोठी नसेल, पण तो सूर डोक्यात जातो, हे दुपारी वामकुक्षी करणाऱ्या कोणालाही विचारा.

तर लूना. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली. मूळ नमुना इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाव’ या मोपेडचा. ५० सीसीचं इंजिन, पायडल, आणि पुढे एक बास्केट लावली की संसार सुरू. त्या काळाची आठवण करून देणं गरजेचं आहे. बजाजची स्कूटर पैसे भरूनही वर्षानुवर्षं मिळत नव्हती. नंबर लावायचा आणि वाट बघायची. मोटारसायकल बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. अशा वेळी सायकल आणि स्कूटर यांच्या मधली एक पायरी लूनाने तयार केली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोलचे भाव भडकले. कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीसाठी याहून चांगला मुहूर्त कुठला? १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली. मग सगळ्या देशात मोपेड पसरली.

लूना कोणी चालवली, याचा विचार करताना आपण जाहिरातींच्या बाहेर पडायला हवं. दूधवाला, पेपरवाला, इलेक्ट्रिशियन, प्राथमिक शाळेतली बाई, बँकेतला कारकून. स्कूटरला किक मारायची, गिअर टाकायचा, तिचं वजन पेलायचं. लूनाला पायडल मारलं की झालं, आणि साडी नेसून बसता यायचं. पेट्रोल संपलं तर, निदान तत्त्वतः, सायकलसारखी चालवत घरी नेता यायची. (ज्यांनी ते केलंय ते या ‘तत्त्वतः’ शब्दाला हसतील.) पुण्यातल्या किती बायकांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं वाहन ही मोपेड होती! आवाजाची तक्रार करताना हा हिशोब समोर असला पाहिजे. त्या किरकिरीमागे कोणाचं तरी पोट होतं, कोणाचं तरी पहिलं स्वातंत्र्य होतं.

पण आता बोळात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने बघू. पेठांमधले बोळ काही मोटारींसाठी बांधलेले नाहीत. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, मध्ये माणूस, सायकल आणि फार तर हातगाडी. मोकळ्या मैदानात आवाजापासून दुप्पट लांब गेलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. बोळात भिंतीवरून आपटून तोच आवाज परत येतो, त्यामुळे तो एवढा झटकन विरत नाही. शिवाय मोठी गाडी बोळात शिरूच शकत नाही. शिरते ती छोटीच. म्हणजे सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत शांत जागेत पोचणारं इंजिन नेमकं सगळ्यांत लहान. हा पेच पुढच्या सगळ्या कायद्यांत आपल्याला भेटत राहणार आहे.

कायद्याकडे येऊ. गंमत अशी की सुरुवातीला कायद्याला चाकांचा आवाज हवा होता. इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने सायकलला ‘वाहन’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिच्यावर अट घातली गेली की कोणाला ओलांडून जाताना घंटा किंवा शिट्टी वाजवून सूचना द्यायची. घोडे आणि पादचारी यांच्या मागून गुपचूप येणारी सायकल हीच तेव्हाची भीती होती! त्याआधी १८६५ च्या कायद्यात यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवायचा होता आणि गावात वेग ताशी दोन मैल. १८९६ मध्ये हे बंधन गेलं, आणि मग इंजिनांचे दिवस आले.

आपल्याकडचा आजचा कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्याच्या व्याख्यांचं कलम सहसा कोणी वाचत नाही, पण आमच्या मते खरा इतिहास तिथेच आहे. चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी ही कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’च नाही. आधी ही मर्यादा ३५ सीसी होती, पुढे दुरुस्तीने ती खाली आली. म्हणजे सायकल कुठे संपते आणि मोटार कुठे सुरू होते, ही रेघ संसदेने सीसीमध्ये आखली. दुसरी रेघ ५० सीसीची: एरवी परवान्याला वय १८ लागतं, पण ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल १६ व्या वर्षी चालवता येते. लूना या दोन रेघांच्या बरोबर मध्ये बसलेली. नंबरप्लेट हवी, परवाना हवा, पण अकरावीतल्या मुलाला चालेल. नव्वदीत आलेली बजाज सनी होती ६० सीसीची. तिच्यावरून कॉलेजात जाणारी सोळा वर्षांची मुलंमुली कायद्याने बसत नव्हती, हे त्यांच्या पालकांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? आज तर ५० सीसीची पेट्रोल गाडी शोधूनही मिळणं कठीण, तरतूद मात्र पुस्तकात आहे. आणि घरातली ११० सीसीची स्कूटर अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि जागा? छोटी गाडी कुठे जाऊ शकते? १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट होतं की फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक असेल तिथे गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. २०१७ च्या नियमावलीनेही ही मनाई कायम ठेवली. कायदा इतका स्वच्छ आहे. मग पुण्यात फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब का रोवावे लागले? कारण सिग्नलला गर्दी झाली की दुचाकी फुटपाथवर चढते. आणि त्या खांबांमधून दुचाकी जात नाही तशी व्हीलचेअरही जात नाही, बाबागाडीही नाही. नियम मोडणाऱ्याला अडवायची किंमत ज्याने काहीच मोडलं नाही त्याने द्यायची, हे आम्हाला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत मोठं अन्यायाचं टोक वाटतं.

इथे हॉलंडकडे एक नजर टाकू, कारण त्यांनी उलटा रस्ता धरला होता. त्यांनी मोपेडला सायकलच्या वाटेवर जागा दिली. पायडल आहे ना, मग सायकलच. पुढे मोपेडी वेगवान झाल्या, सायकलवाले घाबरू लागले, आणि डिसेंबर १९९९ मध्ये वस्तीतल्या बहुतेक ठिकाणी ब्रोमफीट्सला सायकलवाटेवरून मुख्य रस्त्यावर पाठवलं. राहिली ताशी २५ किलोमीटरची स्नोरफीट्स, निळ्या नंबरप्लेटची. तिला हेल्मेट नको, सायकलवाट खुली. सवलत दिसली की गर्दी तिकडे वळणारच. अॅमस्टरडॅममध्ये निळ्या पाटीच्या स्कूटरांचा सुळसुळाट झाला, आणि त्यांतल्या पुष्कळ २५ च्या वर पळायच्या. सायकलवाले धुराने आणि आवाजाने वैतागले. नगरपालिकेला त्यांना हटवायचं होतं, पण अधिकार नव्हता. आधी देशाच्या नियमांत बदल करावा लागला. शेवटी ८ एप्रिल २०१९ पासून शहराच्या वळणरस्त्याच्या आत स्नोरफीट्स मुख्य रस्त्यावर, आणि हेल्मेटसकट. २०२३ च्या पहिल्या दिवसापासून हेल्मेट देशभर लागू झालं. म्हणजे वीस वर्षांत तीच तक्रार दोनदा, फक्त वाहनाचं नाव बदललं.

आता आवाजाचे आकडे. नवीन दुचाकी बाजारात येण्याआधी तिची चाचणी होते: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, त्यावर ८०. माप गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर. दुसरीकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५. या दोन आकड्यांची एकमेकांशी ओळखच नाही. पहिला आकडा एका गाडीच्या एका फेरीचा, दुसरा ठरावीक काळातल्या सरासरीचा. पूर्ण कायदेशीर मोपेड रात्री दोन वाजता बोळातून गेली, तर दहा घरांतली झोप मोडते आणि सरासरीत तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून पोलिसांना सोपं पडतं ते सायलेन्सर पकडणं. प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे हा नियम आहेच, आणि गाडीत मनमानी बदल करायलाही बंदी आहे. बुलेटचे ‘फटाके’ फोडणारे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांमधून पाहिले. फोटो झकास असतो. दुसऱ्या दिवशी तोच सायलेन्सर दुकानात विकायला असतो. विकणाऱ्यावर रोडरोलर फिरल्याचं फारसं ऐकिवात नाही.

टू-स्ट्रोकची गुणगुण कोणी तक्रार केली म्हणून थांबली नाही. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, आणि आवाज धुराबरोबर गेला. मग वीज आली. विजेच्या गाडीला सीसी नसतात, तेव्हा रेघ पुन्हा आखावी लागली: मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ते मोटार वाहन नाही. नोंदणी नाही, परवाना नाही. या रेघेने शहरांतल्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना काम दिलं; परवाना काढायला ना पैसे होते ना वेळ, अशांना. आणि याच रेघेने वेगाचा लगाम सोडवून देणारे कारागीरही तयार केले. २०२२ मध्ये परिवहन खात्याने राज्यात अशा बदललेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली. २०२४ च्या फेब्रुवारीत लूना विजेवर परत आली, पण ती या सवलतीत बसत नाही. तिचा वेग ५० पर्यंत, त्यामुळे तिला नंबरप्लेट लागतेच.

या गाड्या गुणगुणत नाहीत. युरोपात विजेच्या मोटारींना हळू जाताना मुद्दाम आवाज करण्याची सक्ती २०१९ पासून आली, अंध माणसांना आणि पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून. १८८८ ची ती घंटा बघता बघता परत आली म्हणायची! दुचाकीला मात्र ती सक्ती नाही, आणि फुटपाथवर मागून येते ती दुचाकीच.

वेळ होत आलाय, तरी व्याख्यानाआधी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेऊ, कारण तो बऱ्याच जणांचा आहे. सोसायटीच्या आवारात मुलं गाड्या फिरवतात, तिथे हे सगळं लागू होतं का? कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती आरपार जाणारी असो वा नसो. म्हणजे तुमच्या दारातला बंद बोळही त्यात आला. फाटक लावलेलं, रखवालदार बसवलेलं आवार सरळसरळ त्यात येत नाही. तिथे वाद होऊ शकतो. पण आवाजाचे नियम फाटकापाशी थांबत नाहीत. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीच्या बंधनांचा भंग होत असेल, तर कोणीही तक्रार करू शकतो, आणि निवासी भागात रात्री तातडीच्या कारणाशिवाय हॉर्न वाजवायलाही मनाई आहे. तक्रार लेखी द्या, वेळ आणि गाडीचा नंबर लिहा. नंबर नसलेली गाडी असेल तर तेच आधी लिहा.