चवळीचा वडा आणि सुटकेची किंमत

ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात मला एकच दिवस मिळाला होता. पेलोरिन्यो या जुन्या वस्तीत पांढरा घेरदार झगा घातलेली एक बाई कढई मांडून बसली होती. भिजवून वाटलेल्या चवळीचे वडे ती लालसर पामतेलात तळत होती. वडा मधोमध चिरून, आत सुकी कोळंबी भरून तिने हातात दिला. याला म्हणतात अकाराझे. पहिल्या घासालाच घरच्या वड्यांची आठवण झाली!

संध्याकाळी चौकात सांबा रंगला. टाळ्यांच्या तालावर रिंगण धरलेले, मधे एकजण नाचणारा. एका आजीबाईंनी मलाही आत ओढले.

मग वस्तीच्या नावाचा अर्थ कळला. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब. १५४९ ते १७६३ साल्वादोर ही पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी. आफ्रिकेतून धरून आणलेली लाखो माणसे या परिसरात उतरवली गेली. त्यांतल्या कित्येक बायका मालकाच्या हुकमाने रस्त्यावर खाद्यपदार्थ विकत. ठरलेली रक्कम मालकाची, वरचे पैसे त्यांचे. पै-पै साठवून काहींनी स्वतःची, काहींनी मुलांची सुटका विकत घेतली. गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८८ साली. पुढे युनेस्कोने १९८५मध्ये ही वस्ती आणि २००५मध्ये इथला रिंगणातला सांबा वारसा म्हणून गौरवला.

परतताना आणखी एक वडा घेतला. पैसे देताना हात क्षणभर थबकला. माझी ती सहल होती. त्या बायकांसाठी मात्र एकेक वडा हा सुटकेचा हप्ता होता.