पासवर्ड देऊ का?

पुण्यात दुपारचा चहा झाला की आईचा फोन येतो. इथे एडिनबरात तेव्हा सकाळ असते. "अगं, हे परत पासवर्ड मागतंय. देऊ का?" तिच्या लॅपटॉपवर उबुंटू मीच घालून दिलंय, त्यामुळे उत्तरही मीच द्यायचं. तुमच्यापैकी अनेकांनी असे फोन घेतले असतील. पण त्या छोट्या चौकटीला चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

युनिक्समध्ये सर्व अधिकार असलेलं एक खातं असतं, रूट. पण साध्या माणसालाही स्वतःचा पासवर्ड बदलायचा असतो, आणि तो ज्या फाइलीत असतो ती फक्त रूटलाच बदलता येते. यावर बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी तोड काढली: ठरावीक प्रोग्रॅमवर एक खूण करायची, मग तो कुणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो. या कल्पनेच्या पेटंटसाठी 1973 साली अर्ज झाला, 1979 साली ते मिळालं.

तरी रूटचा पासवर्ड चारचौघांना ठाऊक असायचाच. एकजण सोडून गेला की सगळ्यांसाठी नवा. 1980च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिला. आज आपल्याला ठाऊक असलेल्या सुडोची रीत अशी: पासवर्ड तुमचाच द्यायचा, कुणाला काय करता येईल ते यादीत लिहिलेलं, आणि कोणी काय केलं याची नोंद.

हे सगळं अनेकांच्या सामायिक यंत्रासाठी होतं. ऑक्टोबर 2004 मध्ये आलेल्या उबुंटूने रूटचं दार बंद ठेवून पहिल्या वापरकर्त्यालाच सुडो दिला. म्हणजे आमच्या घरी प्रशासक आईच! चुकीच्या माणसाने सुडो वापरला की 'याची तक्रार केली जाईल' असा दम बरीच वर्षं मिळायचा. घरच्या लॅपटॉपवर ती तक्रार कुणाकडे जाणार, हे मला कधी कळलं नाही.

2012 साली लिनस टोरवाल्ड्स भडकले ते याच कारणाने. शाळेतून मुलीचा फोन आला: रूटच्या पासवर्डाशिवाय प्रिंटर जोडता येत नव्हता. राग रास्त होता. खरं तर प्रत्येक कामाला वेगळी परवानगी ठरवणारं पॉलकिट तेव्हा होतंच. नियम किती कडक ठेवायचे, हे वितरण बनवणारे ठरवतात. पण पहारेकरीही चुकतो. पॉलकिटच्याच एका प्रोग्रॅममध्ये 2009 पासूनची फट जानेवारी 2022 मध्ये उघड झाली. तिच्यातून पासवर्ड न देताच रूट होता येत होतं.

म्हणून फोनवर मी आधी विचारते, "आत्ता तू काय दाबलंस?"

"अपडेट."

"मग दे."

परवा मात्र ती म्हणाली, "काहीच नाही गं, आपोआप आलं."

"रद्द कर," म्हटलं, "आणि वर काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचून दाखव."