सिंडरेलाच्या पायाचं माप

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारी एसटी मूल रस्त्याला लागली की थोड्याच वेळात जंगल सुरू होतं, आणि चिचपल्लीच्या आसपास फोनचं नेटवर्क दगा देतं. रील मध्येच थिजते, समोरच्या सीटवरचा पोरगा फोन खिडकीबाहेर धरून बघतो, मग गप्प बसतो. मावशीकडे जाताना हे दरवेळी होतं, म्हणून मी एक पुस्तक आधीच डाउनलोड करून ठेवलं होतं. अमेरिकन लेखिका मरिसा मेयर हिची २०१२ सालची कादंबरी, ‘सिंडर’. सिंडरेलाची गोष्ट, पण भविष्यातली. खरं सांगायचं तर नाक मुरडतच उघडलं होतं. सावली गेलं, व्याहाड गेलं, वैनगंगेचा पूल आला तरी मान वर केली नव्हती.

गोष्ट नव्या बीजिंग शहरात घडते. सिंडर सोळा वर्षांची मेकॅनिक आहे, बाजारात तिचं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ती सायबॉर्ग आहे. लहानपणच्या अपघातानंतर तिला एक हात आणि एक पाय धातूचा बसवलाय, डोक्यात संगणक आहे. पुढे एका तपासणीत तिला स्क्रीनवर आकडाच दिसतो: शरीराचा ३६.२८ टक्के भाग मानवी नाही. कायद्यानं ती सावत्र आईच्या ताब्यात आहे, तिची कमाईही तिचीच. शहरात जीवघेणी साथ पसरली आहे, आणि औषधाच्या प्रयोगांसाठी माणसं हवीत म्हणून सायबॉर्ग लोकांची नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढून त्यांना धरून नेतात. राजपुत्र आहे, नाचाचा समारंभ आहे, चंद्रावरची दुष्ट राणीसुद्धा आहे. सगळा मसाला.

पण मला ज्या ठिकाणी पुस्तकानं पकडलं ते अगदी पहिलंच प्रकरण. सिंडर दुकानात बसून घोट्यातला गंजलेला स्क्रू काढते आणि आपला पाय उपसून बाजूला ठेवते. तो पाय तिला अकराव्या वर्षी बसवलेला. पोरगी वाढली, पाय तेवढाच राहिला, आणि नवा घ्यायला सावत्र आई पैसे देत नाही. हरवलेल्या बुटाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे पायच मापाचा नाही.

मग मी या बुटामागे लागले.

बूट हरवणारी मुलगी फ्रेंच नाही, एवढं बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी शार्ल पेरोनं १६९७ साली छापली, डिस्नेनं तीच उचलली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली गोष्ट अंगावर येणारी आहे. तिथे एक बहीण बुटात पाय मावावा म्हणून अंगठा कापते, दुसरी टाच कापते, आणि रक्त बघून राजपुत्राला फसवणूक कळते. त्याच्या हजारेक वर्षं आधी, नवव्या शतकात, चीनमधल्या दुआन चेंगशी या लेखकानं ये शियान नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली. सावत्र आई, एक जादूचा मासा, मारून खाल्लेल्या त्या माशाची हाडं, आणि सोन्याचा बूट. मेयरनं नवं बीजिंग निवडलं ते उगाच नाही. १८९३ साली मारियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज बाईनं या कथेची ३४५ रूपं जमवून पुस्तक काढलं, तेव्हा लोकांना कळलं की ही पोरगी किती ठिकाणी बूट हरवून बसली आहे.

त्यातला एक बूट आपल्याकडे हरवला होता. हे मला माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

१८६५ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती. तंबूतले दिवस, संध्याकाळी करायला काही नाही, बोलायला दुसरी बाई नाही. होती ती फक्त तिची आया, अ‍ॅना लिबेराता डिसूझा. मेरीनं तिला विचारलं, तुला गोष्टी येतात का? अ‍ॅनाला येत होत्या, तिच्या आजीनं सांगितलेल्या. मेरी ऐकायची, टिपून घ्यायची, मग वाचून दाखवून बरोबर आहे का विचारायची. १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं, २४ गोष्टींचं. इंग्रजीत छापलेल्या भारतीय लोककथांच्या अगदी सुरुवातीच्या संग्रहांपैकी हा एक. मुखपृष्ठावर नाव मेरी फ्रिअरचं. पण आत अ‍ॅनाचं स्वतःचं मनोगत आहे, आणि मला ते गोष्टींइतकंच आवडलं. घराणं मुळात लिंगायत, मग ख्रिस्ती झालेलं. आजोबा कंपनीच्या फौजेत, खडकीच्या लढाईत होते. नवरा वारल्यावर तिनं आयाची नोकरी धरली. १८६८ च्या पुस्तकात एका मोलकरणीला आपलं आयुष्य पानंच्या पानं सांगायला मिळतं, हे आजही फारसं होत नाही.

या पुस्तकात एक गोष्ट आहे, तिचं शीर्षक इंग्रजी अक्षरांत ‘सोडेवा बाई’ असं छापलंय. अर्थ दिलाय, सुदैवाची बाई. मी दोनदा वाचलं आणि मग ट्यूब पेटली. सुदैवाबाई! मराठी नाव गोऱ्या कानातून जाऊन असं बाहेर पडलं होतं.

सुदैवाबाई राजाची मुलगी, सावत्र आईबिई काही नाही. डोंगराच्या कड्यावर फुलं तोडताना तिची रत्नजडित सोन्याची चप्पल निसटते आणि खाली रानात पडते. कुणालाच सापडत नाही. शेवटी शिकारीला आलेल्या एका राजपुत्राला ती मिळते, तो चपलेची मालकीण शोधत येतो आणि लग्न होतं. पेरोची गोष्ट इथे संपली असती. अ‍ॅनाच्या आजीची इथून सुरू होते. कारण ही मुलगी गळ्यात सोन्याचा हार घेऊनच जन्मली आहे आणि तिचा जीव त्या हारात आहे. दुसऱ्या कुणी तो घातला की ही मरणार. राजपुत्राची पहिली राणी मत्सरानं हार चोरवते. दिवसा हार दुसरीच्या गळ्यात, तेव्हा सुदैवाबाई मेलेली. रात्री तो उतरला की ती समाधीत उठून बसते. तिथेच तिला मूल होतं, आणि शेवटी ते पोरच हार परत आणतं.

आता ‘सिंडर’कडे या. फार फोडत नाही, पण तिच्या मणक्यात एक यंत्र बसवलेलं आहे, आणि ती खरी कोण आहे हे त्या यंत्रानं दाबून ठेवलंय. ज्याच्या हातात ते यंत्र, त्याच्या हातात ती. मेयरनं अ‍ॅना डिसूझाची गोष्ट वाचली होती असा माझा दावा नाही. पण जीव शरीराबाहेरच्या वस्तूत ठेवलेली बाई ही कल्पना विज्ञानकथेची म्हणून मी वाचत होते, आणि ती दख्खनमधल्या एका आजीनं रेल्वे यायच्या आधी सांगून झाली होती. पोपटात जीव असलेले राक्षस आपण सगळ्यांनीच ऐकलेत. सायबॉर्ग आपल्याला परका नव्हताच.

हे सगळं मी मावशीला रात्री उत्साहानं सांगत होते. मावशी आरोग्यसेविका आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण अजून सापडतात. देशानं डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य गाठलं, पण ती देशाची सरासरी होती. मावशीच्या कामात सर्वेक्षण येतं, गोळ्या येतात, आणि चपला येतात.

“चप्पल निसटली तं तिले कळलं नाई?” तिनं विचारलं. सुदैवाबाईबद्दल.

“फुलं तोडत होती.”

“आमच्यातल्यायले खरंच नाई कळत,” ती म्हणाली.

कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाव घालतात. पायाची जाणीव जाते. काटा टोचला, चटका बसला, चप्पल चावली, काहीच कळत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं, या रोगात बोटं आपोआप झडतात. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बरंचसं नुकसान वेदना न कळल्यामुळे होतं. जखम होते, माणूस तिच्यावर चालत राहतो, ती हाडापर्यंत जाते. म्हणून जखम टाळायची तर आधी पायताण बदलायला हवं. आत सूक्ष्म छिद्रांचं मऊ रबर, खाली काटा आत न येईल असा कडक तळ, खिळा एकही नाही, आणि मागे टाचेला पट्टा. पट्टा कशाला, तर बधिर पायातून चप्पल निसटून मागे राहिली तरी माणूस तसाच पुढे चालत जातो. ही एमसीआर चप्पल सरकारी कार्यक्रमात रुग्णांना फुकट मिळते. शिवाय रोज पाय पाण्यात भिजवायचे, तळवे डोळ्यांनी बघायचे. कळत नाही म्हणून बघायचं.

मावशीची खरी अडचण मात्र वेगळीच. चप्पल मिळते, लोक घालत नाहीत. कारण ती वेगळी दिसते. गावात कुणी ती घातली की चार लोकांना कळतं, याला काय झालंय. राजपुत्र चपलेवरून मुलगी ओळखतो आणि तिचं भलं होतं. इथे गाव चपलेवरून माणूस ओळखतं. एका म्हातारबाबांनी चप्पल घरात, देवळीत, कागदात गुंडाळून ठेवली होती, आणि अनवाणी शेतात जात होते.

ओळखलं गेलं तर काय व्हायचं, याचा कागदोपत्री इतिहास आहे. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांबाबतचा कायदा लागू असेल त्या भागात भीक मागणाऱ्या रुग्णाला पोलीस पकडून आश्रमात डांबू शकत. विकण्यासाठी अन्न शिजवायचं नाही, मनाई केलेल्या विहिरीवर पाणी भरायचं नाही, रेल्वे सोडून भाड्याच्या सार्वजनिक गाडीत बसायचं नाही. मी ज्या एसटीत ‘सिंडर’ वाचत आले, ती असल्या कलमात बसली असती. हा कायदा देशाच्या पुस्तकातून पूर्ण गेला २०१६ साली. लग्नाचं तर त्याहून वाईट. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागता येत होता, रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही कितीतरी वर्षं. ते कारण कायद्यातून काढलं २०१९ च्या दुरुस्तीनं. म्हणजे ‘सिंडर’ छापून आली तेव्हा राजपुत्राला आपल्याकडे कोर्टात जायची सोय होती.

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये घेऊन आनंदवन सुरू केलं. ही गोष्ट आम्हाला शाळेत इतक्या वेळा सांगितली की ती परीकथेसारखी गुळगुळीत झाली होती. त्याआधीची मात्र कमी सांगतात. वरोऱ्यात पावसात पडलेला तुळशीराम नावाचा रुग्ण बघून बाबा आधी पळून गेले होते, घाबरून. मग परत आले. परीकथेतला राजपुत्र कधी पळत नाही, आणि ‘सिंडर’मधला राजपुत्र मला आवडला तो याचसाठी. पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, तिचा तो जुना लहान पाय निखळून पडतो, वायरी लोंबतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते प्रेम नाही. मेयरनं तिथे खोटं लिहिलं नाही.

पुस्तक तसं भोळंही आहे. चंद्राच्या राणीचं रहस्य मला शंभराव्या पानाच्या आत कळलं होतं, तुम्हालाही कळेल. तरी रात्री दोनपर्यंत वाचलं.

सकाळी मावशी डबा भरत होती. मी शेवट सांगितला. तिनं सगळं ऐकलं, राणी, साथ, तुरुंग. मग म्हणाली, “पाच वर्षं लहान पायावर चालली म्हन्ते? जिथं लोखंड कातडीले लागते, तिथं चट्टा पडला असन. त्याचं काही लिवलं का?”

मी म्हटलं, आठवत नाही.

“मंग नवा पाय भेटला का तिले?”

“भेटला. तुरुंगात एक डॉक्टर आणून देतो.”

“मापाचा?”

“मापाचा,” मी म्हटलं. ती पिशवी उचलून निघाली. त्यात दोन जोड चपला होत्या, आणि वर कागदात गुंडाळायला कालचा पेपर.